मंदी आणि शेवटचें पान

मंदी हा शब्द आमच्या लहानपणीं घरांत फारसा ऐकूं येत नसे. तेव्हां ओढाताण असे, महागाई असे, फार तर दुष्काळ असे. मंदी हा अडत्यांचा आणि पेठेंतील व्यापाऱ्यांचा शब्द होता. आतां तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोंचला आहे. ज्यानें थोडेंफार संस्कृत गिरविलें आहे त्याला या शब्दाची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. मंद म्हणजे हळू चालणारा. ग्रहांमध्यें सर्वांत सावकाश चालतो तो शनि, म्हणून शनीला मंद असें नांव पडलें. वैद्यकांत पोटांतील अग्नि हळू पेटूं लागला म्हणजे मंदाग्नि म्हणतात. बाजाराची चाल आणि पोटांतला अग्नि या दोहोंना भाषेनें एकच विशेषण लावून ठेवलें आहे. तेव्हां बाजार मंदावला म्हणजे शरीरहि मंदावतें काय, आणि मंदावत असल्यास घरांतील कोणाचें आधीं मंदावतें, हा प्रश्न आज वाचकांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण आमच्याच घरांत घडलें. तें सांगतांना थोडी लाज वाटते, म्हणून शेवटीं सांगूं.

सामान्य समजूत अशी कीं, पैसा आटला म्हणजे रोग वाढतात आणि माणसें अधिक मरतात. आमचीहि तीच समजूत होती. परंतु या विषयावरील अभ्यास चाळूं लागलों तों पहिल्याच पायरीला ठेंच लागली. १९२९ सालीं अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला आणि जी महामंदी आली तिच्यासारखी मंदी त्या देशानें पुढें पुन्हां पाहिली नाहीं. १९३३ सालीं तेथें कामकरी माणसांपैकीं दर चौघांत एक जण बेकार होता आणि हजारों बँका बुडाल्या होत्या. आणि याच चार वर्षांत त्या देशांतील मृत्यूचें प्रमाण घटलें! १९२९ सालीं अपेक्षित आयुर्मान सुमारें ५७ वर्षें होतें, तें १९३३ सालीं ६३ वर्षांवर गेलें. १९२९ च्या आरंभीं इन्फ्लुएन्झाची सांथ होती हें जमेस धरलें तरी एवढी वाढ थोडी म्हणतां यावयाची नाहीं. होसे तापिया ग्रानादोस आणि आना दिएझ रू या दोघां संशोधकांनीं २००९ सालीं हा सर्व हिशेब पुन्हां तपासून मांडला. त्यांना वाढलेल्या आढळल्या त्या आत्महत्या. बाकीचीं मृत्यूचीं मोठीं कारणें मंदींत वाढलेलीं दिसलीं नाहींत.

क्रिस्टोफर रूम नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें २००० सालीं त्याच देशाच्या १९७२ ते १९९१ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतहि बेकारी वाढली म्हणजे एकंदर मृत्यु कमी होतात असेंच निघालें, आणि अपवाद पुन्हां आत्महत्यांचाच. कारणें शोधूं गेल्यास तीं अगदींच अद्भुत नाहींत. बाजार तेजींत असला म्हणजे रस्त्यावर गाड्या अधिक धांवतात, कारखान्यांत रात्रपाळ्या होतात, अपघात वाढतात, हवेंत धूर वाढतो, खिशांत पैसा खुळखुळतो म्हणून दारू आणि तंबाखू यांवरहि हात सैल सुटतो. मंदींत या सर्वांना लगाम बसतो. म्हणजे भरभराटीलाहि मृत्यूचा कर द्यावा लागतो, एवढें यावरून कळलें.

परंतु आम्ही चौतीस वर्षें वर्ग शिकविला आहे आणि सरासरी हा काय प्रकार असतो हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. वर्गाची सरासरी साठ गुणांची आली म्हणून मुख्याध्यापक संतुष्ट होत. पण शेवटच्या बांकावरच्या तिघांना शंभरांपैकीं अठरा पडलेले असत, तें त्या साठांत कोठेंच दिसत नसे. येथेंहि तसेंच आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत १९८० च्या सुमारास ज्या जुन्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा पाठपुरावा डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वॉख्टर यांनीं केला. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षीं या पुरुषांतील मृत्यूचें प्रमाण, नोकरी टिकलेल्या त्यांच्यासारख्याच माणसांच्या मानानें, दीडपट ते दुप्पट झालें होतें. आणि वीस वर्षांनंतरहि तें शेंकडा १० ते १५ अधिकच होतें. देशाचें आयुष्य वाढलें आणि बेकार झालेल्याचें घटलें, हीं दोन्हीं विधानें एकाच देशांत एकाच वेळीं खरीं असूं शकतात. वर्तमानपत्रें पहिलें छापतात; दुसरें ज्याच्या घरीं घडतें त्यालाच ठाऊक असतें.

काम गेलेल्या माणसाच्या शरीराला नेमकें काय होतें हें पाहावयाचें असेल तर आम्ही वाचकांस ऑस्ट्रियांतील मारिएनथाल या गांवीं घेऊन जाऊं. व्हिएन्ना शहराजवळचें हें खेडें एका कापडगिरणीभोंवतीं वाढलें होतें. आजा, बाप आणि नातू एकाच भोंग्यावर उठत. महामंदीच्या तडाख्यांत १९२९-३० मध्यें ती गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांचें सबंध गांव एकदम बेकार झालें. १९३१ च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक आपल्या साथीदारांसह तेथें गेले आणि त्यांनीं पाहिलेलें १९३३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. ते नुसते वही-पेन्सिल घेऊन गेले नाहींत, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. कपडे वाटावे, फुकट वैद्यकीय तपासणी करावी, शिवणाचा वर्ग चालवावा आणि हें करीत असतां माणसांशीं बोलावें, अशी त्यांची रीत होती. केवळ प्रश्न विचारण्याकरितां कोणाच्याहि दारांत उभें राहावयाचें नाहीं, असा त्यांचा दंडक होता.

त्यांनीं काय काय मोजलें तें पाहा. गांवच्या मुख्य रस्त्यावर, सुमारें तीनशें मीटरांच्या टप्प्यांत, येणारीजाणारीं माणसें किती वेळां थांबतात हें त्यांनीं टिपून ठेवलें. जवळजवळ दोनतृतीयांश पुरुष एवढ्याशा वाटेंत निदान दोनदां थांबत. न थांबतां शेवटपर्यंत जाणारा दहांत एखादाच. आम्हीं वर मंद शब्दाचा अर्थ सांगितला तो येथें पायांनीं चालून दाखविला आहे. पुष्कळांनीं घड्याळ वापरणें सोडलें होतें. वेळ कळून करावयाचें काय! गांवच्या ग्रंथालयानें वर्गणी माफ केली, तरी पुस्तकें नेणें दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरलें. वाचकहो, आम्हांस वाटत होतें कीं रिकामपण मिळालें म्हणजे मनुष्य वाचूं लागतो; पण हें रिकामपण विश्रांतीचें नव्हतें.

त्या सबंध गांवांत कोणाची चाल मंदावली नसेल तर ती स्त्रियांची. वाटेंत दोनदां थांबणाऱ्या बायका सहांत एक एवढ्याच होत्या. त्यांचें काम बंद पडलें नव्हतें. उलट जुन्या कपड्यांतून नवे कपडे काढणें आणि अर्ध्या पैशांत पूर्वीइतकींच तोंडें भागविणें हें नवें काम त्यांना मिळालें होतें. ज्या बायका पूर्वीं गिरणींत जात त्यांना, दमणूक होत असतांहि, गिरणी पुन्हां सुरू व्हावी असें वाटे.

पोटाचें काय झालें? सरकारी मदत दर पंधरवड्यास मिळे. मदतीच्या आदल्या दिवशीं कित्येक मुलें शाळेंत येत तीं डबा न घेतां किंवा कोरडा पाव घेऊन. मदत हातांत पडल्यावर दुसऱ्या दिवशीं बहुतेक सर्वांचे डबे पुन्हां भरलेले असत. आम्ही शिक्षक असल्यामुळें ही एक नोंद आम्हांस इतर सर्व आंकड्यांहून बोलकी वाटते. मुलांच्या डब्यांत डोकावून घराचा खजिना ओळखतां येतो, हें प्रत्येक गुरुजींना अनुभवानें कळतें. ती मदत तरी कायमची थोडीच होती! ठराविक मुदतीनंतर ती कमी होई आणि मग थांबे. शिवाय नियम असा कीं जो थोडेंहि काम करील त्याची मदत बंद. सरपणाच्या मोबदल्यांत कोणाचीं झाडें तोडावयास मदत केली, एवढ्यावरून एकाची मदत गेली. काम करूं नये म्हणून पैसे देणारी ही व्यवस्था पाहून कपाळाला हात लावावासा वाटतो.

मुंबईंत ज्यांचे नातेवाईक होते त्या वाचकांस हें वाचतांना गिरणगांव आठवल्यावांचून राहणार नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होते. पुढें कित्येक गिरण्या उघडल्याच नाहींत आणि भोंग्यावर चालणारी वस्ती भोंग्यावांचून उरली. तिच्यावर लिहिणारे अधिकारी लेखक आहेत, त्यांच्या प्रांतांत आम्ही शिरत नाहीं.

आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव. त्याहून स्वास्थ्य हा शब्द आम्हांस अधिक भरींव वाटतो. स्वस्थ म्हणजे आपल्या ठायीं असलेला. मारिएनथालच्या पुरुषांना रोग झाला होता असें नव्हे. ते आपल्या ठायीं राहिले नव्हते. आणि ठाव सुटलेला मनुष्य पुढें कोणत्या थराला जातो याचें भयंकर उदाहरण रशियाचें. सोव्हिएट संघ १९९१ सालीं मोडला. जानेवारी १९९२ मध्यें किंमतींवरचें नियंत्रण उठलें आणि लोकांची आयुष्यभराची शिल्लक महागाईनें वर्षभरांत खाऊन टाकली. १९९० सालीं रशियन पुरुषाचें अपेक्षित आयुर्मान ६४ वर्षांच्या घरांत होतें. १९९४ सालीं तें ५८ च्याहि खालीं गेलें. मेले ते मुख्यतः म्हातारे किंवा तान्हीं बालकें नव्हेत, तर ऐन कर्तेपणांतले पुरुष: हृदयविकारानें, दारूनें, अपघातांत, मारामारींत. त्याच सुमारास शेजारच्या फिनलंडांतहि मोठी मंदी आली होती. सोव्हिएट संघाशीं असलेला व्यापार बुडाल्यामुळें तिला जोर चढला आणि बेकारी शेंकडा ३ वरून १६ च्या वर गेली. परंतु तेथें आत्महत्या वाढल्या नाहींत, उलट उतरूं लागल्या. फिनलंडांत बेकार माणसाला भत्ता होता, दवाखाना होता आणि दवाखान्याचें दार पैशावांचून उघडत होतें. दोन्ही देशांत पुष्कळ फरक आहेत, सारें श्रेय एकाच गोष्टीला देणें बरोबर होणार नाहीं. तरी हा फरक नजरेआड करण्याजोगा खास नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या देशाला अमेरिकेचा दाखला लागू पडत नाहीं. ज्याच्याकडे मोटार आहे त्याची मोटार मंदींत कमी धांवेल आणि त्याचा जीव वाचेल. ज्याच्याकडे भाकरीच मोजकी आहे त्याची भाकरी कमी होईल. सोनिया भालोत्रा यांनीं भारतांत १९७० ते १९९७ या वर्षांत जन्मलेल्या सुमारें दीड लाख मुलांची माहिती घेऊन, एकाच आईचें बऱ्या वर्षीं जन्मलेलें मूल आणि वाईट वर्षीं जन्मलेलें मूल यांची तुलना केली. शहरांत त्यांना फरक दिसला नाहीं. खेड्यांत मात्र राज्याचें उत्पन्न घटलेल्या वर्षीं बालमृत्यु वाढले. वाईट वर्षीं बाळंतीण बाईलाहि मजुरीला बाहेर पडावें लागतें, मग तान्ह्याला अंगावर पाजावें कोणीं आणि ताप आला तर दवाखान्यांत न्यावें कोणीं? आणि मुलांपेक्षां मुली अधिक दगावल्या. ५९ विकसनशील देशांतील सतरा लाख जन्मांचा असाच एक अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि मंदीचा घाव मुलींवर अधिक बसतो हेंच आढळलें. आईनें जाणूनबुजून मुलीला उपाशी ठेविलें असें कोणी म्हणत नाहीं. पण दोघांना ताप आला आणि गांठीला एकाचेच पैसे असले म्हणजे घरांत जो निर्णय होतो तो कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं, एवढें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

आम्हीं वाचलेल्यांत मनाला सर्वांत लागलेली हकीकत जावा बेटावरची आहे. १९९७ सालच्या मध्यावर इंडोनेशियाच्या चलनाचे सुमारें २,४०० रुपिया दिले म्हणजे एक डॉलर मिळे. १९९८ मध्यें एका वेळीं १५,००० हून अधिक द्यावे लागूं लागले. तांदूळ, तेल, अंडीं, औषधें सर्वच महागलें. मध्य जावांतील खेड्यांत त्या काळीं मुलांचीं व मातांचीं वजनें नियमितपणें घेतलीं जात होतीं. एवढा अनर्थ झाला तेव्हां मुलें वाळलीं असतील अशीच कोणाचीहि अपेक्षा. तर आश्चर्य असें कीं मुलांचीं वजनें पूर्वीइतकींच राहिलीं! नुसतीं तींच पाहिलीं असतीं तर संकट आलेंच नाहीं असें कोणी म्हटलें असतें. परंतु मोजणाऱ्यांनीं आयांचींहि वजनें घेतलीं होतीं, आणि त्या रोडावल्या होत्या. घरांतील भात पूर्वीइतकाच शिजत होता. तो आईच्या ताटांतून मुलांच्या ताटांत जात होता. अंडीं आणि भाजी मात्र सर्वांच्याच ताटांतून उतरलीं, आणि त्याचा दाखला रक्तांत मिळाला: मुलांचें आणि मातांचें, दोघांचेंहि रक्त फिकें पडलें होतें. पोट भरलेलें, वजन जागच्या जागीं, आणि रक्तांत लोह नाहीं. हें उपासमारीचें रूप डोळ्यांनीं दिसत नाहीं. तें पाहावयास घरांतल्या शेवटच्या पानाशीं जाऊन बसावें लागतें.

एक गोष्ट येथें आठवणीनें नोंदविली पाहिजे, नाहींतर हें सर्व अटळच आहे असा समज व्हावयाचा. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही बारा वर्षांचे होतों. अमेरिकेहून आलेली लाल मिलो रेशनच्या दुकानांत मिळे. तिची भाकरी थापतांना आमची आई जे शब्द बोले ते या मासिकांत छापण्याजोगे नाहींत. शाळेंत सुकडी वाटली जाई. राज्यांत पीक बुडालें होतें, तरी खडी फोडण्याचीं, पाझर तलावांचीं आणि रस्त्यांचीं कामें निघालीं आणि लाखों माणसें त्यांवर गेलीं. हाल झाले नाहींत असें नव्हे. पण १९४३ च्या बंगालसारखीं माणसें रस्त्यांत पडलीं नाहींत. वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें १९६५ सालीं ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता तिचा पुढें रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ सालीं मंजूर होऊन १९७९ पासून अमलांत आला. मागेल त्याला काम, आणि स्त्रीला व पुरुषाला कामाचा दर एकच. या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येनें गेल्या. जिच्या स्वतःच्या हातांत आठवड्याची मजुरी पडते ती आपल्या ताटांतली भाकर काढून देतांना निदान दोनदां विचार करीत असेल, असें आम्हांस वाटतें. या योजनेसाठीं शहरांतील नोकरदारांवर १९७५ सालीं व्यवसाय कर बसला. तो आमच्याहि पगारांतून दरमहा कापला जाई आणि शिक्षकांच्या खोलींत त्याविरुद्ध पुष्कळ कुरकुर चाले. तींत आम्हीहि होतों. तो पैसा कोणत्या तळ्यावर खर्च होतो याची चौकशी मात्र आमच्यापैकीं कोणीं केल्याचें स्मरत नाहीं.

आतां घरची हकीकत.

२०२० सालीं टाळेबंदी झाली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचें उत्पन्न आदल्या वर्षींच्या मानानें शेंकडा २४ च्या आसपास घटलें, हें आम्हीं पुढें वर्तमानपत्रांत वाचलें; घरीं तें आधींच कळलें होतें. चिरंजीव ज्या कारखान्यांत होते तेथें पगार निम्मा झाला. त्यांतच आमच्या सेवानिवृत्तीची पुंजी ज्या पतपेढींत होती तिच्या दारावर एके दिवशीं कागद लागला आणि ठेवी काढतां येईनाशा झाल्या. आम्ही घरांत आठ माणसें: आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई, दोन नातवंडें, आमचे धाकटे बंधु आणि त्यांचें कुटुंब. आमचें निवृत्तिवेतन चालू होतें, म्हणून उपासाची पाळी आली नाहीं हें प्रथमच सांगतों. ज्यांच्यावर ती आली त्यांच्यापुढें आमचें रडगाणें गाण्यांत अर्थ नाहीं.

रोजचा जमाखर्च लिहिण्याची आमची चाळीस वर्षांची सवय. त्या वर्षीं आम्हीं ती अधिकच कसोशीनें पाळली. प्रत्येक बाबीपुढें मागील महिन्याचा आंकडा लिहावयाचा आणि खर्च उतरला असेल तर तांबड्या शाईनें बरोबरची खूण करावयाची, जशी मुलांच्या वहींत करीत असूं. दूध दोन लिटरांवरून दीड लिटरावर आलें, खूण. तूरडाळ उतरली, खूण. भाजी उतरली, खूण. भाद्रपदापासून औषध या बाबींत दरमहा एकशेंऐंशी रुपये कमी दिसूं लागले. आम्हीं खूण केली आणि रात्रीं जेवतांना सर्वांसमक्ष सौभाग्यवतींच्या काटकसरीची वाखाणणीहि केली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. वाढीत होत्या.

मार्गशीर्षांत एके सकाळीं त्या तुळशीला पाणी घालतां घालतां भोंवळ येऊन खालीं बसल्या. आमचा एक जुना विद्यार्थी जवळच दवाखाना चालवितो, तो धांवत आला. त्यानें रक्तदाब पाहिला तो १८० वर ११० होता. त्यानें गोळ्यांची पट्टी मागितली, तिच्यावरची तारीख पाहिली, शिल्लक गोळ्या मोजल्या आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "गुरुजी, काकूंनीं चार महिने गोळ्या एकाआड एक घेतल्या आहेत. तुमच्या मात्र बरोबर संपल्या आहेत."

आम्हीं वहींतील तांबड्या खुणा पुन्हां पाहिल्या. एकशेंऐंशी रुपयांचा अर्थ तेव्हां कळला. मग जरा धीर करून पुढें चौकशी केली. दूध दीड लिटरावर आलें तरी आमचा रात्रीचा पेला, चिरंजीवांचा चहा आणि नातवंडांचे पेले यांत थेंबाचाहि फरक पडला नव्हता. मग अर्धा लिटर गेलें कोठून? सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मला दूध तसें आवडतच नाहीं." लग्नानंतर बारा वर्षांत ही गोष्ट आम्हीं प्रथमच ऐकली. धाकट्या वहिनींना भाजी आवडत नाहीं असेंहि त्याच वेळीं कळलें. जावा बेटावरची ती हकीकत आम्हीं यानंतर सहा महिन्यांनीं वाचली, आणि वाचतांना परदेशची वाटली नाहीं.

सौभाग्यवतींना आम्हीं विचारलें कीं हें सांगितलें कां नाहीं. त्या म्हणाल्या, "सांगितलें असतें तर तुम्हीं तुमच्या गोळ्या कमी केल्या असत्या. तुम्हांला तें झेपलें नसतें." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं आमच्या गोळ्या खरोखर कमी केल्या असत्या कीं नाहीं, याविषयीं आजहि आमची खात्री नाहीं.

रुग्णालयांत न्यावें लागलें नाहीं, हें नशीब. या देशांत आरोग्यावर होणाऱ्या एकंदर खर्चापैकीं लोकांच्या खिशांतून जाणारा भाग २०१३-१४ सालीं शेंकडा ६४ होता. सरकारी हिशेबाप्रमाणें तो २०२१-२२ सालीं ३९ वर आला. सुधारणा खरी आहे. पण हे ३९ सुद्धां एखाद्या घरांत आठांपैकीं एकाच माणसाच्या वांट्यास कसे येतात हें त्या हिशेबांत लिहिलेलें नसतें; तसा रकाना आमच्याहि वहींत नव्हता.

आतां तो आहे. औषध या बाबीखालीं आम्ही आठ नांवें लिहितों आणि प्रत्येकापुढें आंकडा घालतों. त्या बाबीपुढें तांबडी खूण करणें आम्हीं सोडलें आहे. आंकडा उतरला तर उलट विचारपूस करतों, आणि या विचारपुशीचा घरांतील स्त्रीवर्गास बराच कंटाळा आला आहे असें दिसतें. रात्रीचीं पानें सर्वांचीं एकदम वाढलीं जातात; आरंभीं आठांना पुरेसा पाट-चौरंगहि नव्हता, म्हणून आम्ही उंबऱ्याशीं सतरंजी टाकून बसूं लागलों. पतपेढीकडून एक पत्र आलें होतें, दुसऱ्याची वाट पाहत आहोंत.

सकाळच्या गोळ्या दोघांच्याहि आम्हीच काढतों. परवां त्यांच्या गोळ्या हातांत देऊन, त्या गिळीपर्यंत आम्ही समोर उभे होतों. गोळी घेऊन झाल्यावर त्यांनीं पेला खालीं ठेविला आणि म्हणाल्या, "अहो, आणि तुमची?" आम्हीं खिसा चांचपला. ती तशीच खिशांत होती.